चार ब्रासचा घोळ

पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या गॅरेजमध्ये मोटार सोडून बाकी सगळं असतं. कुठे शिवणाचा क्लास, कुठे झेरॉक्सचं दुकान, कुठे बारावीच्या गणिताची शिकवणी, कुठे पोळीभाजी केंद्र. ज्यातून असा काही उद्योग निघाला नाही, त्या गॅरेजात मागच्या पिढीच्या वस्तू मुक्कामाला असतात: गणपतीच्या मखराचा सांगाडा, एक हात गेलेली आरामखुर्ची, बंद पडलेली लूना, ‘लागतील कधीतरी’ म्हणून रचून ठेवलेल्या शहाबादी फरश्या आणि थोरल्याचा इंजिनिअरिंगचा ड्रॉइंग बोर्ड. मोटार बाहेर रस्त्यावर, गुलमोहराखाली, कावळ्यांच्या हवाली. शटरवर मात्र ठणठणीत अक्षरांत सूचना: ‘समोर वाहन लावू नये. लावल्यास हवा सोडली जाईल.’ आत गाडी नाही, समोर गाडी नको, असा हा सगळा सुखाचा मामला.

अशा वास्तूला बाहेरून रंग कोणता द्यावा, हा प्रश्न एरवी कुणाला पडत नाही. बंगला काळ्या दगडाचा. एकदा पॉइंटिंग करून घेतलं की कित्येक वर्षं बघायला नको. गॅरेज मागाहून आलेलं. फियाटसाठी नंबर लावला, तो लागायला काही वर्षं होती, म्हणून गाडीच्या आधी गॅरेज उभं राहिलं. विटांच्या भिंती, सिमेंटचा गिलावा, वर सिमेंटचे पत्रे, पुढे लोखंडी शटर. दगडाला रंग लागत नाही, गिलाव्याला लागतो. मग कधीतरी घरात लग्न ठरतं, मांडव गॅरेजला लागूनच पडणार असं निघतं, आणि दसऱ्याच्या सुमाराला कुणीतरी चहा पिता पिता सहज म्हणतं, “गॅरेजलाही जरा हात मारून घेऊ.”

इथून पुढे काय होतं, ते सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ सालीच लिहून ठेवलेलं आहे. पार्किन्सन हे ब्रिटिश इतिहासकार. त्यांच्या ‘पार्किन्सन्स लॉ’ या पुस्तकात एका वित्त समितीची बैठक आहे. पहिला विषय अणुभट्टीचा, खर्च १ कोटी पौंड. अणुभट्टी म्हणजे काय हे समितीत जवळजवळ कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे अडीच मिनिटांत मंजुरी. दुसरा विषय कारकुनांच्या सायकलींसाठी शेड, खर्च ३५० पौंड. शेड सगळ्यांना कळते. छपराला ॲल्युमिनियम घ्यावं, ॲस्बेस्टॉस घ्यावं की जस्ताचा पत्रा, यावर पाऊण तास खल. तिसरा विषय बैठकीतल्या कॉफीचा, वर्षाला २१ पौंड. त्यावर सव्वा तास, आणि तरीही अधिक माहिती मागवून निर्णय पुढच्या बैठकीवर.

पार्किन्सनच्या समितीला शेडचा रंग काढायचं सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर ती बैठक अजून चालू असती. ती उणीव १९९९ साली पॉल-हेनिंग काम्प या डॅनिश प्रोग्रामरनं भरून काढली. फ्रीबीएसडी ही संगणकप्रणाली घडवणारी त्याची मित्रमंडळी एका किरकोळ मुद्द्यावरून हमरीतुमरीवर आलेली पाहून त्यानं त्यांना पार्किन्सनच्या शेडची आठवण करून दिली, आणि शेडला रंग कोणता का असेना, असं सुनावलं. तेव्हापासून जगभरचे प्रोग्रामर अशा वादांना ‘बाइकशेडिंग’ म्हणतात. रंगाचं मत असायला काही शिकावं लागत नाही, डोळे असले की पुरे.

याच घरात मेडिक्लेमची पॉलिसी येते. चाळीस पानं, बारीक टाइप. तिच्यात काय आहे हे कुणी विचारत नाही. “सही कुठे करायची?” एवढाच प्रश्न, तोही पेन हातात घेऊन. गॅरेजचं मात्र तसं नाही. गॅरेज दहा बाय अठरा फुटांचं, उंची नऊ फूट. दोन बाजूच्या भिंती, एक मागची. पुढचा सगळा भाग शटरनं खाल्लेला. पेंटर टेप न लावता नुसता पाहून सांगतो, “चार ब्रास धरा.” शंभर चौरस फुटांचा एक ब्रास, म्हणजे चारशे चौरस फूट. दोन हातांना दहा लिटरची एक बादली पुरून वर थोडा रंग उरेल. इतक्याशा भिंतीसाठी घरातली तीन पिढ्यांची माणसं, शेजारची दोन कुटुंबं, एक वास्तुतज्ज्ञ आणि टेक्ससमध्ये राहणारा मुलगा कामाला लागतात.

आजोबांचं मत क्रीम. कारण विचारायचं नसतं. आजी म्हणतात, “पांढरा द्या, पुढे काही म्हणा.” सूनबाईंनी फोनमध्ये फोटो जमवून ठेवलेत, त्यातली सगळी गॅरेजं गडद राखाडी, त्यांच्यासमोर कुंडीत एकच लांब पातीचं झाड. नातवाला काळा हवा. शेजारचे काका कंपाउंडवरून वाकून सांगतात की आमच्याकडून बघताना डोळ्यांना गार वाटेल असं काहीतरी घ्या. काकांचं बोलणं आगाऊपणाचं वाटतं, पण सगळ्यांत रास्त मुद्दा त्यांचाच आहे. गॅरेजची बाहेरची भिंत घरातल्या कुणालाच दिसत नाही. ती काकांच्या खिडकीतून दिसते, सकाळी दात घासताना आणि संध्याकाळी चहा घेताना. पैसे एकाचे, दृश्य दुसऱ्याचं. बाहेरच्या रंगाची सगळी भानगड इथेच सुरू होते.

वास्तुतज्ज्ञ फोनवरच दिशा विचारतात. गॅरेज आग्नेयेला असेल तर हा, वायव्येला असेल तर तो. गॅरेज नेमकं दोन दिशांच्या मध्ये निघतं. फी तेवढी दोन्ही दिशांची लागते.

मग रंग एकेक करून बाद व्हायला लागतात. महाराष्ट्रात रंगांची टंचाई आहे हे ऐकून हसू येईल, पण भिंतीसाठी मोकळा रंग शोधून दाखवावा. भगवा, निळा, हिरवा यांना आधीच झेंडे आहेत. पुढच्या निवडणुकीत कार्यकर्ते घरचंच कार्यालय समजून शटर वर करतील. लाल म्हटलं की एसटी आठवते. फिकट पिवळा सरकारी क्वार्टर्सचा, त्यात राहून निवृत्त झालेल्या माणसाला तो पुन्हा दाराशी नको. फिकट हिरवा दवाखान्याचा. गुलाबी बालवाडीचा. आकाशी रंगाला कुणाची हरकत नसते, तोवर कुणीतरी म्हणतं की सुलभ शौचालयासारखं दिसेल, आणि एकदा हे कानावर पडलं की आकाशी संपला. जांभळ्याचं नाव काढणाऱ्याकडे सगळे काळजीनं बघतात. राखाडी उरतो. तो अलीकडे फॅशनमध्ये आहे, नव्या इमारतींना सर्रास देतात. पण सिमेंटच्या गिलाव्यावर महागातलं राखाडी इमल्शन लावून पुण्यात राहणं म्हणजे आयुष्यभर एकाच प्रश्नाचं उत्तर देत बसणं: “मग रंग कधी काढताय?”

म्हणून दुकानात जाऊन शेड कार्ड आणलं जातं. पूर्वी दुकानात पंधरा-वीस रंगांचे डबे असत, त्यातला एक उचलायचा. आता दुकानात रंग मिसळायचं यंत्र असतं, पांढऱ्या बेसमध्ये ते थेंबाच्या हिशेबानं रंगद्रव्य सोडतं आणि कार्डावर हजाराच्या वर छटा असतात. क्रीम मागायला गेलेल्या माणसाच्या हातात क्रीमचीच पंचवीस भावंडं पडतात. आयव्हरी आहे, व्हॅनिला आहे, बिस्किट आहे, मलई आहे, बदाम आहे. वाचता वाचता भूक लागते, निर्णय होत नाही. दुकानदारानं हे हजारदा पाहिलेलं असतं. तो स्टूल पुढे सरकवतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

शेड कार्डाबद्दल एक गोष्ट मात्र दुकानदार बहुधा सांगत नाही. कार्डावरची चौकट दोन बोटं रुंदीची, ती बघतो आपण दुकानातल्या एलईडीखाली. तोच रंग उन्हात, चारशे चौरस फुटांवर पसरला की कार्डापेक्षा फिका आणि भडकही दिसतो. कार्डावर जो सोज्वळ बदामी वाटतो तो भिंतीवर पिवळाजर्द वाटू शकतो. शिवाय समोरच्या बिल्डिंगची वीटकरी भिंत, अंगणातली हिरवळ, गुलमोहर यांचा रंग उन्हाबरोबर उसळून भिंतीवर पडतो. म्हणून जाणते लोक मनातल्या छटेपेक्षा एक पायरी मळकट छटा घ्यायला सांगतात. दुकानात ती मेलेली वाटते, भिंतीवर जिवंत होते.

यावर खात्रीचा उपाय नमुने लावून बघण्याचा. एक एक लिटरचे डबे येतात, गॅरेजच्या भिंतीवर दोन बाय दोन फुटांचे चौकोन रंगवले जातात. हे शहाणपणाचं काम आहे, फक्त नियम पाळून करावं लागतं: दोन हात द्यायचे, निदान दोन दिशांच्या भिंतींवर द्यायचे, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तिन्ही वेळी बघायचे. घरोघरी होतं ते असं की सगळे नमुने एकाच भिंतीवर, एकमेकांना चिकटून, एकेक हात देऊन लावतात. शेजारच्या चौकोनामुळे प्रत्येक रंग वेगळाच भासतो. हिरवटाशेजारी क्रीम गुलाबी दिसतो, गुलाबीशेजारी तोच हिरवट. चार दिवसांत ती भिंत एखाद्या जुन्या गोधडीसारखी दिसायला लागते आणि येणारे-जाणारे विचारतात, “छान आहे, मुद्दाम केलंय का?” काही घरांत नमुन्यांची ती भिंत दोन-दोन पावसाळे तशीच राहिलेली आहे.

रंग ओला असताना मत देऊ नये, हेही कुणाला पटत नाही. चुन्याचा हात ओला असताना जवळजवळ पारदर्शक असतो, वाळता वाळता पांढरा होतो. सिमेंट पेंट ओला असताना गडद, वाळल्यावर फिका. इमल्शन बहुधा उलट, वाळल्यावर किंचित गडद. पहिला हात मारून पेंटर बिडी ओढायला बसला की घरातलं कुणीतरी बाहेर येतं, कपाळावर हात मारतं आणि काम थांबवतं. पेंटर शांत असतो. त्याला या घटनेची वेळसुद्धा माहीत असते.

पेंटर हा या नाट्यातला एकमेव माणूस ज्याला रंगाविषयी मत नाही. त्याला भिंतीविषयी मत आहे. तो हातातल्या पत्रीच्या मुठीनं गिलावा ठोकत जातो, मध्येच थांबतो, पुन्हा ठोकतो. “इथं पोकळ वाजतंय.” पत्रीचं टोक घालून तो एक पापुद्रा उचलतो, हाताएवढा तुकडा निघून येतो, आणि त्या तुकड्याच्या कडेला घराचा सगळा इतिहास थरांनी दिसतो. वर मळका क्रीम, त्याखाली बदामी, त्याखाली चक्क पिस्ता, आणि तळाला स्नोसेमचा पांढरा, बोटाला पिठी लागणारा. “आपल्या गॅरेजला पहिल्यापासून क्रीमच होता,” असं आजोबा दोन आठवडे सांगत आलेले. आजी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघतात आणि म्हणतात, “पिस्ता मीच निवडला होता.” त्या वेळच्या वादाची हकिगत मग जेवणाच्या वेळी निघते, आणि आत्ताचा वाद त्यापुढे काहीच नाही असं सगळ्यांच्या लक्षात येतं.

पेंटरची बोटाला लागलेल्या पिठीवर नजर आहे, कारण खरा प्रश्न तो आहे. जुना सिमेंट पेंट भुसभुशीत झालेला असताना त्यावर कितीही भारी इमल्शन लावलं तरी ते त्या पिठीला चिकटतं, भिंतीला नाही, आणि पहिल्या पावसाळ्यात पापड निघतात. खरवडणं, धुणं, भेगा भरणं, प्रायमर मारणं आणि मग रंग. पाऊस संपल्यावर भिंत आतून वाळू द्यायची. नवा गिलावा केला असेल तर चार आठवडे थांबायचं. छपराला पन्हाळ नसेल तर ती आधी लावायची, नाहीतर पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीतून पडणाऱ्या धारेनं भिंतीवर काळे ओघळ येणारच, रंग कोणताही असो. ही यादी पेंटर दोन वाक्यांत सांगतो. तिच्यावर चर्चा होत नाही. अणुभट्टीचा विषय आहे, मंजूर.

कंपनी कोणती, यावर मात्र पेंटरचं मत ठाम असतं. त्यामागे निव्वळ कलाप्रेम नसतं. डब्यात पेंटरसाठी टोकन निघतं, आणि कुणाचं टोकन किती भारी हे त्याला मालकापेक्षा जास्त कळतं. आपल्या देशाचा रंगांचा धंदा मुळात मुंबईत बराच वाढला. लोअर परळला १९२० साली गहागन नावाची कंपनी निघाली, तीच पुढे नेरोलॅक झाली. आणि १९४२ साली मुंबईतच चार मित्रांनी भाड्याच्या एका गॅरेजमध्ये रंग बनवायला घेतला, ती एशियन पेंट्स. कपाळावर बट आणि हातात ब्रश घेतलेला तिचा खोडकर गट्टू १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांच्या लेखणीतून उतरला. म्हणजे भारतातली सगळ्यांत मोठी रंगकंपनी जन्मली गॅरेजात. त्या चौघांनी आधी गॅरेजला बाहेरून रंग कोणता द्यायचा हे ठरवायला घेतलं असतं तर कंपनी निघाली नसती.

टेक्ससचा मुलगा व्हिडिओ कॉलवर येतो तेव्हा इथे संध्याकाळ आणि तिथे सकाळ. फोनचा कॅमेरा रंग आपल्या मर्जीनं बदलतो, त्यामुळे त्याला सातही नमुने एकाच पिवळ्या रंगाचे दिसतात. पण इथल्या वादात खरी मोलाची भर तोच घालतो, कारण त्याच्याकडे रंग निवडायचं स्वातंत्र्य नाही. अमेरिकेतल्या उपनगरांत गॅरेज घराच्या तोंडावरच असतं, दोन गाड्यांचा रुंद दरवाजा थेट रस्त्याकडे. बऱ्याच वस्त्यांत घरमालकांची संघटना असते आणि तिची स्थापत्य समिती. मंजूर छटांच्या यादीतून रंग निवडायचा, छटेचा तुकडा जोडून अर्ज करायचा, उत्तराची वाट बघायची. न विचारता रंगवलं तर पत्र येतं, मग दंड. चाळीतल्या सार्वजनिक नळावर वाढलेल्या माणसाला ही शिस्त नवी नाही, फक्त तिथे भांडायला माणूस समोर असायचा, इथे लिफाफा येतो.

टेक्ससच्याच सॅन अँटोनिओ शहरात १९९७ साली याहून मोठा प्रसंग घडला. सँड्रा सिस्नेरोस ही तेव्हा तिथे राहणारी नामवंत लेखिका. तिची १९८४ साली आलेली ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ ही कादंबरी अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत वाचली जाते. तिनं किंग विल्यम या वारसा म्हणून जपलेल्या वस्तीतलं आपलं घर जांभळं रंगवलं. शेरविन-विल्यम्स कंपनीची ‘कॉर्सिकन पर्पल’ नावाची छटा. शहराच्या समितीनं हरकत घेतली: हा रंग इथल्या इतिहासात बसत नाही. सिस्नेरोसनं उलट विचारलं की कोणाच्या इतिहासात? इथे मेक्सिकन वंशाची माणसंही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, त्यांचे रंग कुठे गेले? वर्तमानपत्रं, सभा, बघायला येणारी गर्दी, सगळं झालं. दोनेक वर्षं हे चाललं, आणि या वादाचा निकाल टेक्ससच्या उन्हानं लावला. जांभळा विटत विटत फिका झाला आणि समितीला चालेल अशा छटेत जाऊन बसला.

लंडनच्या केन्सिंग्टनमध्ये उन्हाचा भरवसा नसल्यामुळे प्रकरण न्यायालयात गेलं. २०१५ साली तिथल्या एका मालकिणीनं आपल्या घराच्या दर्शनी भिंतीवर लाल-पांढरे उभे पट्टे ओढले. शेजाऱ्यांना राग आला, पालिकेनं पुन्हा पांढरं करायची नोटीस काढली. २०१७ साली उच्च न्यायालयानं मालकिणीच्या बाजूनं निकाल दिला. पट्टे जिंकले.

गोव्यात हा प्रश्न वरूनच मिटवलेला होता असं सांगतात. पोर्तुगीज अमदानीत शुभ्र पांढरा चर्च-चॅपेलांसाठी राखलेला, घरांनी बाकीचे रंग घ्यायचे. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये फिरताना ते पटतं: पिवळी माती, निळीचा निळा, वीटकरी लाल, आणि पांढरा असला तर खिडक्यांच्या कडेपुरता. पावसाळा उलटला की घराला नवा हात. एक रंग काढून घेतला की उरलेल्यांत माणसं किती सुखानं राहतात, हे पाहायला पुणेकरांनी तिथे जरूर जावं. समुद्रकिनारा दुसऱ्या दिवशी बघता येईल.

सिस्नेरोसच्या जांभळ्याचं जे झालं त्यामागे कारण साधं आहे. जांभळे, चटक लाल, लिंबू पिवळे हे बरेचसे रंग सेंद्रिय रंगद्रव्यांतून येतात आणि त्यातली बरीच कडक उन्हात तग धरत नाहीत. आपल्याकडे दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या भिंतींना हा फटका आधी बसतो. उत्तरेची भिंत कोरी करकरीत आणि पश्चिमेची विटलेली अशी गॅरेजं दर गल्लीत आहेत. याउलट गेरू, पिवडी, हुरमुंजी यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. लोखंड गंजून जे व्हायचं ते होऊन बसलेलं, त्याचं आणखी काय बिघडणार? अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला गेरू आणि पिवळी माती दीड हजार वर्षं टिकली आहे. लेण्यांत ऊन येत नाही हे कबूल, पण तिथे कुणी वॉरंटी कार्डही दिलं नव्हतं.

आपल्या खेड्यांतल्या घरांनी हे केव्हाच ओळखलं होतं. वर चुना, त्यात किंचित नीळ, आणि जोत्यालगत हात-दोन हात गेरूचा पट्टा. पावसाचे शिंतोडे मातीसकट उडतात ते बरोबर तेवढ्या उंचीपर्यंत. पट्टा शोभेला होता असं शहरात आल्यावर वाटायला लागलं आणि तो गेला. आता क्रीम भिंतीच्या खालच्या दीड फुटावर तांबड्या चिखलाची नक्षी दर पावसाळ्यात फुकट मिळते.

शटरचा विचार तर शेवटच्या दिवशी होतो. भिंतीचे पैसे संपलेले असतात, घरात कुठल्यातरी खिडकीचा उरलेला चॉकलेटी ऑइलपेंट सापडतो, तोच शटरला. शटर पश्चिमेला असेल तर मे महिन्यात दुपारी चारला त्याला हात लावून बघावा. गडद रंग ऊन पितो, लोखंड ते साठवतं, आणि आतला शिवणक्लास त्याचा अनुभव घेतो. फिकट रंग दिला तर तेवढंच शटर बरंच निवळतं. फॅशन म्हणून काळ्या शटरचा हट्ट धरणाऱ्या नातवाला ते उघडायचं काम द्यावं.

शेवटी ठरतं काय? क्रीम. मुहूर्त जवळ आलेला असतो, मांडववाला विचारत असतो की खुंट्या ठोकू का, आणि आजोबा रिक्षा करून स्वतः दुकानात जाऊन बादली घेऊन येतात. क्रीम कुणाचाच पहिला पर्याय नसतो, आजोबा सोडून. तो सगळ्यांचा दुसरा असतो, आणि म्हणून जिंकतो. त्याला नाव ठेवायला कारण सापडत नाही. पण क्रीमला मिळते तेवढी निमूट बहुमताची लायकी त्याची नाही. ओघळ, शेवाळ, चिखल हे सगळं फिकट भिंतीवर सगळ्यांत आधी दिसतं, आणि पुण्यातल्या पावसात तीन वर्षांत क्रीमचं जे होतं त्याला शेड कार्डात नाव नाही.

त्यापेक्षा मातीच्या जातीचा एखादा फिकट रंग घ्यावा, कार्डावर जरा मळकट वाटेल असा. खाली दीड-दोन फूट गेरूचा किंवा गडद विटकरी पट्टा. शटर भिंतीच्याच जातीचं, एक पायरी गडद, त्याहून जास्त नाही. बंगला काळ्या दगडाचा असेल तर त्याच्याशेजारी हे चांगलं दिसतं, लाल विटांचा असेल तरी दिसतं. राखाडी घ्यायचाच असेल तर त्यात मातकट झाक असलेला घ्यावा, म्हणजे गिलावा समजून कुणी कळवळणार नाही. आणि नमुना काकांच्या खिडकीतून एकदा बघून यावा. काका चहा देतील, तो घ्यावा.

एक काम मात्र विसरू नका. रंग लावून झाला की बादलीवरचा छटेचा कोड, कंपनीचं नाव, रंगाचा प्रकार आणि तारीख शटरच्या आतल्या बाजूला मार्करनं ठळक लिहून ठेवा. नुसतं ‘क्रीम’ लिहून भागत नाही. पाच वर्षांनी भिंतीला भेग पडेल, तिथे हातभर तुकडा रंगवायचा असेल, आणि तेव्हा बादलीत कुणीतरी भाजीचा वाफा लावलेला असेल.